डॉक्टरांशी सहमत

शाळा बंद झाली त्या दिवशी मोठ्या बाईंनी दाराशी ठेवलेल्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'शाळा आठ दिवस बंद राहील.' त्या आठ दिवसांना आता दहा महिने होत आले होते. फळा पुसायचं काम मावशींचं, पण पुसा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून मावशींनीही तो पुसला नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या एवढं शिकल्या होत्या की न सांगता केलेलं काम हमखास अंगाशी येतं.

मावशी म्हणजे शाळेच्या मावशी. घंटा त्यांची, किल्ल्यांचा जुडगा त्यांचा, पाण्याची टाकी त्यांची, आणि पहिल्या दिवशी फाटकाला लोंबकळून भोकाड पसरणारं प्रत्येक पोरही त्यांचंच. गावातले निम्मे लोक त्यांनी असे फाटकावरून सोडवून वर्गात नेऊन बसवलेले होते. वय कागदोपत्री सत्तावन्न. खरं विचारायचं नाही. दम्याचा त्रास जुना. पदराच्या टोकाला किल्ल्या आणि पिशवीत दम्याचा पंप, हे त्यांचे दोन दागिने.

शाळा बंद झाली म्हणून मावशींची नोकरी काही बंद झाली नाही. रोज सकाळी येऊन त्या अकरा खोल्या उघडत, अकरा खोल्या झाडत आणि अकरा खोल्या बंद करत. मुलं नसलेल्या खोलीत इतकी धूळ कुठून येते, हे त्यांना कळत नसे. सोबत नात असायची. लेक खोकी बनवायच्या कारखान्यात जायची, आणि खोक्यांना साथ लागत नसल्यामुळे तो कारखाना एक दिवसही बंद नव्हता. घरात फोन एकच, तो लेकीबरोबर जायचा. शाळेने सगळं शिक्षण फोनवर पाठवायला सुरुवात केली होती, म्हणजे नातीचं शिक्षण रोज सकाळी डबा घेऊन कारखान्यात जायचं आणि संध्याकाळी दमून परत यायचं.

नातीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. शाळा बंद झाली तेव्हा ती पहिलीत होती आणि नुकतीच जोडाक्षरांना भिडली होती. शाळेच्या फाटकावर एक जुनी निळी पाटी होती: 'अभ्यागतांनी परवानगीशिवाय आत प्रवेश करू नये.' आजीचं बोट धरून आत शिरताना भिंगरी रोज ती पाटी वाचायचा प्रयत्न करी. 'आत'पर्यंत गाडी सुसाट जाई, पुढे 'प्रवेश'ला ठेच लागे. पण ती पडली की उठून पुन्हा पळणाऱ्यांतली होती. महिन्याभरात पाटी सर होणार, असं तिच्या बाईही म्हणाल्या होत्या.

आता शाळेत येणारी ती एकटीच मुलगी होती, आणि तिला शिकवायला कुणी नव्हतं. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. छापील अक्षर त्या वाचत, सावकाश, ओठ हलवत. शिकवायला बसल्या की दोन ओळींत पोरगी गप्प व्हायची आणि आजीला घाम फुटायचा. एके सकाळी फाटकाशी मावशींनी मुद्दाम विचारलं, "वाच बघू पाटी."

भिंगरीने वर पाहिलं. "अ... भ..." म्हणाली आणि थांबली. "मला नाही येत, आजी."

रडली असती, रुसली असती, पाय आपटले असते तरी मावशींनी समजूत काढली असती. पण तिने ते अगदी थंडपणाने सांगितलं. सात वर्षांची पोर आणि 'नाही येत' हे तिने मान्य करून टाकलं होतं. त्या दिवसापासून मावशींच्या मनाने एकच ध्यास घेतला: शाळा उघडायला हवी.

आणि शाळा उघडावी की नाही हे ठरवायला समिती होती. आता समिती आहे म्हटल्यावर काळजीच मिटली!

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी समितीची सभा पडद्यावर भरे. मोठ्या बाईंच्या खोलीत पृथ्वीच्या गोलाला टेकवून फोन उभा करणं, तो घसरला की पुन्हा उभा करणं आणि बाईंना चहा देणं, एवढा मावशींचा समितीच्या कामात सहभाग. त्यामुळे सगळी चर्चा त्यांच्या कानांवरून जाई.

अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं. लोक घरात बसल्यामुळे खुर्च्यांचा खप दुप्पट झाला होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच गर्दीत उभं राहून, मागे दोन गिऱ्हाइकं एका कपाटावरून भांडत असताना, ते कळवळून म्हणत, "मुलांच्या जिवाशी खेळ नको. गर्दी म्हणजे मृत्यूला आमंत्रण!" मग वकीलबाई बोलत. त्या एका बाजूने पाहता उघडायला हवी म्हणत, दुसऱ्या बाजूने पाहता उघडू नये म्हणत, आणि तिसरी बाजू सुरू करणार तोच त्यांचं चित्र गोठे. तोंड उघडं, बोट वर. पालकांचे प्रतिनिधी ठाम होते: अजिबात उघडू नये. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं मागच्या गल्लीतल्या एका बंद खोलीत वीस मुलांबरोबर शिकवणीला जात होती, पण ती काही शाळा नव्हे. ते मार्गदर्शन.

चर्चा रंगात आली की कुणाला तरी मावशींची आठवण होई. "आणि मावशींचं काय? त्यांची छाती! शाळा उघडली तर पहिला धोका त्यांना. तेवढी माणुसकी तरी ठेवूया." मग पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतली डोकी हळहळून हलत. मावशी फोनच्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या असत. त्यांना विचारावं, असं कुणालाही वाटलं नाही. माणुसकी दाखवायच्या गडबडीत माणसाकडे बघायला वेळ कुठला?

सभा संपली की, ज्या मावशींच्या छातीसाठी इतकं हळहळलं गेलं होतं त्यांनाच, पायी सहा घरं फिरायला पाठवलं जाई.

कारण नियम असा होता की पडद्यावरच्या बोलण्याला कागदावर किंमत नाही. प्रत्येक सभासदाने समितीच्या नोंदवहीत स्वहस्ते मत लिहून खाली सही करायची. ही नोंदवही घेऊन मावशी निघत. पहिलं मत डॉक्टरांचं, कारण मामला साथीचा. डॉक्टर सभेला कधीच नसत. त्यांचे रुग्ण शनिवार बघून आजारी पडत नव्हते. मावशी दवाखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहत. डॉक्टर पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळलेले बाहेर येत, नोंदवही भिंतीला लावून उभ्याउभ्याच पाच-सहा ओळी खरडत, सही करत, "पंप वेळेवर घेता ना?" एवढं विचारत आणि आत जात.

तिथून दुकानात. अध्यक्ष नोंदवही हातभर लांब धरून डॉक्टरांच्या ओळींवरून नजर फिरवत. भुवया वर, भुवया खाली. "हं. हं! अगदी मुद्द्याचं लिहिलंय," म्हणत आणि खाली झोकात लिहीत, 'डॉक्टरांशी सहमत.' वकीलबाई त्याखाली लिहीत, 'डॉक्टरांशी पूर्णतः सहमत.' पालकांचे प्रतिनिधी फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढत, हातमोज्यातल्या बोटांनी 'सहमत' एवढंच लिहीत आणि पेन तिथेच टाकून आत पळत. राहिलेले दोघे ओळखीने समितीत आलेले. वर तीन जण सहमत आहेत म्हटल्यावर असहमत होऊन वाईटपणा कोण घेणार? शेवटी वही मोठ्या बाईंकडे येई. त्या लिहीत, 'सर्वानुमते मान्य,' आणि मावशींच्या हातात नवा कागद देत: 'शाळा पुढील सूचनेपर्यंत बंद.' तो मावशी फाटकावर चिकटवत. अशा सात सभा झाल्या, सात कागद एकावर एक चिकटले.

आठव्या सभेच्या दिवशी सगळं असंच पार पडलं. फक्त मावशींना सकाळपासून धाप लागली होती आणि पंप संपला होता. डॉक्टरांनी नोंदवहीत मत खरडलं, मग एका चिठ्ठीवर मावशींसाठी औषध खरडलं आणि ती चिठ्ठी वहीतच ठेवून दिली. मावशी भिंगरीला घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या आणि वही उघडून तशीच पुढे सरकवली.

औषधवाल्या भाऊंचं निम्मं आयुष्य डॉक्टरांचं अक्षर लावण्यात गेलं होतं. गावात ती विद्या अवगत असलेला हा एकच माणूस. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, वहीवर वाकले आणि बराच वेळ वाचत राहिले.

"मावशी," ते म्हणाले, "हे आपल्याकडे मिळत नाही."

"काय मिळत नाही? नेहमीचाच पंप की."

"पंप नाही हो. इथं लिहिलंय, 'शाळा उघडावी.'"

मावशींना वाटलं भाऊ चेष्टा करतायत. मग भाऊंना चिठ्ठी दिसली, ते ओशाळले आणि वही मिटायला लागले. मावशींनी त्यांचा हात धरला. एरवी परक्या माणसाचा हात धरणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, आणि त्या दिवसांत तर घरच्याचाही कुणी धरत नव्हतं.

"काय लिहिलंय ते पहिल्यापासून वाचा, भाऊ."

भाऊंनी वाचलं. पहिल्या पानावर डॉक्टरांनी सविस्तर लिहिलं होतं: लहान वर्ग आधी उघडावेत, निम्मी-निम्मी मुलं बोलवावीत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, होईल तितके वर्ग मैदानात घ्यावेत, मुलांचं घरात बसून होणारं नुकसान मोठं आहे. दुसऱ्या पानावर तेच, थोडक्यात. तिसऱ्यावर, 'मागे दोनदा लिहिलं तेच पुन्हा.' पाचव्यावर, 'शाळा उघडा. यापेक्षा सोपं मला लिहिता येत नाही.' सातव्या पानावर डॉक्टर फारच वैतागलेले दिसत होते. तिथे एकच ओळ होती: 'मी लिहितो ते कुणी वाचतं का?'

आणि त्याच्या बरोब्बर खाली: 'डॉक्टरांशी सहमत. डॉक्टरांशी पूर्णतः सहमत. सहमत. सहमत. सहमत. सर्वानुमते मान्य.'

भाऊ हसून हसून खोकले. आपल्याला अक्षर लागत नाही हे कबूल करण्याइतका गरीब माणूस समितीत एकही नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची! प्रत्येकाने धरून चाललं होतं की एवढा मोठा डॉक्टर, एवढी मोठी साथ, म्हणजे 'बंद ठेवा' याशिवाय दुसरं काय लिहिणार? सात महिने समिती एकमताने शाळा उघडत होती, आणि सात महिने मावशी तिला कुलूप लावत होत्या.

मावशींना मात्र हसू आलं नाही. त्यांना राग आला. आयुष्यात त्यांना राग यायला फुरसत अशी कधी मिळालीच नव्हती, त्यामुळे आला तो साठलेला आला. "सात महिने," त्या म्हणाल्या. "माझी पोर अक्षरं विसरली, भाऊ."

"आजच्या पानावर पण तेच आहे. फक्त..." भाऊ थांबले. "खाली अजून एक ओळ आहे. तुमच्याबद्दल."

"वाचा."

"राहू दे ना."

"वाचा म्हणते ना."

भाऊंनी खालच्या आवाजात वाचलं. 'मात्र मावशींना साथ संपेपर्यंत शाळेत ठेवू नये. त्यांच्या छातीला हे झेपणार नाही. दर वेळी त्यांना तोंडावर सांगावं म्हणतो, धीर होत नाही.'

मावशी काउंटरला टेकल्या. साथ संपेपर्यंत. म्हणजे कधीपर्यंत? ज्या लोकांचे आठ दिवस दहा महिने चालतात, त्यांचं 'संपेपर्यंत' किती चालेल, हा हिशोब त्यांना करता येत होता. घरी बसवलेल्या म्हातारीला परत कोण बोलावतं? नवी बाई येईल, घंटा शिकेल, किल्ल्या शिकेल. त्यात शिकण्यासारखं असतं काय, असंही कुणी म्हणेल.

भाऊंना ते कळलं असावं. पंप पिशवीत घालत ते म्हणाले, "असं करू. मी हे सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून देतो. शेवटची ओळ सोडून. कुणाला कळणार आहे? अक्षर तर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही."

मावशींनी मागे वळून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर भिंगरी बसली होती, हात मांडीवर, पाय जोडलेले. अर्धा तास झाला होता. समोर रिकामा रस्ता होता, त्यावर एक कुत्रं होतं, पायरीला लागून एक उडी मारण्यासारखा खड्डा होता, आणि भिंगरी हलली नव्हती. इतकं शहाणं मूल मावशींनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ते बघवेना.

"पूर्ण उतरवा, भाऊ," त्या म्हणाल्या. "अर्धं औषध घेऊन रोग जात नसतो. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

भाऊंनी औषधाच्या कागदी पिशव्या फाडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूंवर आठही पानं उतरवली, गोल, टपोऱ्या, पहिलीतल्या पोराला लागेल अशा अक्षरात. मावशींनी एकेक कागद त्या त्या पानाला टाचणीने लावला आणि वही घेऊन फर्निचरच्या दुकानात गेल्या.

अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे वही लांब धरली, भुवया वर नेल्या आणि त्या तिथेच राहिल्या.

"हे काय आहे, मावशी?"

"डॉक्टरांचं अक्षर, साहेब. घासूनपुसून आणलंय."

अध्यक्षांनी मागची पानं उलटली. प्रत्येक पानावर स्वतःची झोकदार सही पाहिली. दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत ते तीच पानं पुन्हा पुन्हा उलटत राहिले. मग एकदम ताठ झाले. "अहो, मग मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणतोय?"

तासाभरात तातडीची सभा लागली. फोन पृथ्वीला टेकला. मावशी ट्रे घेऊन मागे उभ्या राहिल्या. पाहतात तो काय, शाळा बंद ठेवावी असं म्हणणारा एकही माणूस त्या समितीत कधी नव्हताच! पालकांचे प्रतिनिधी तर म्हणाले की मुलांची आबाळ बघून त्यांना झोप येत नव्हती. वकीलबाईंनी नोंदवहीतली पानं पडद्यावर तपासून निर्वाळा दिला की समितीचा निर्णय सात महिन्यांपूर्वीच झालेला असून केवळ अंमलबजावणीत किंचित विलंब झाला आहे. हा किंचित विलंब कुणामुळे, यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी असं निघालं की नोंदवही घरोघर फिरवणाऱ्यांनी मजकूर वेळीच लक्षात आणून द्यायला हवा होता.

मावशी चौथी शिकलेल्या होत्या. हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही.

मग शेवटच्या ओळीचा विषय निघाला. त्यावर चर्चा अशी झालीच नाही. "मावशींच्या जिवाचा प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि डोकी हलली. दहा महिन्यांत एका मिनिटात झालेला समितीचा तेवढाच एक निर्णय. या वेळी मात्र सगळ्यांनी डॉक्टरांचं मत वाचून मगच सहमती दिली.

सभा संपल्यावर मोठ्या बाईंनी हात पुढे केला, पण नजर वर केली नाही. "किल्ल्या माझ्याकडे राहू द्या, मावशी. परत याल तेव्हा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मावशींनी पदराची गाठ सोडली. गाठ जुनी होती, लवकर सुटेना. "टाकीची किल्ली जरा उलटी फिरवावी लागते," त्या म्हणाल्या. "आणि तिसऱ्या खोलीची कडी वर उचलून ओढायची." बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. जाता जाता मावशींनी दाराशी थांबून, कुणी न सांगता, फळ्यावरचे आठ दिवस पुसून टाकले.

शाळा सुरू झाली. निम्मी मुलं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी. वर्ग मैदानात, खिडक्या सताड उघड्या. पहिल्या दिवशी अध्यक्षांनी फाटकाशी उभं राहून 'आमच्या दूरदृष्टीचं फळ' यावर भाषण केलं. मावशी रस्त्याच्या पलीकडे, तोंडाला पदर लावून, भिंगरीचा हात धरून उभ्या होत्या. फाटकाशी पाच-सहा पोरं लोंबकळून रडत होती आणि नव्या बाईला ती सोडवता येत नव्हती. बोटं एकेक करून सोडवायची असतात, मनगट ओढायचं नसतं. मावशींचे हात शिवशिवले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

त्यानंतर एक दिवसाआड त्या भिंगरीला फाटकापर्यंत सोडायला येत राहिल्या. पोरगी आधी चालत यायची, मग चालता चालता बडबडायला लागली, मग आजीचा हात सोडून पुढे धावायला लागली. दीड महिना झाला असेल. त्या सकाळी ती फाटकाशी गच्च थांबली. चिकटवलेले कागद काढल्यामुळे फाटकावर आता निळी पाटी एकटीच दिसत होती.

"अभ्या... ग... तांनी," भिंगरीने वाचलं. मावशींनी श्वास रोखला, जो त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार कधीही रोखायचा नव्हता. "पर... वान... गीशिवाय... आत... प्र... प्रवेश... करू नये! आजी, आलं!"

"आलं गं माझ्या बाय!"

"अभ्यागत म्हणजे कोण?"

"शाळेचं नसलेलं माणूस. बाहेरचं."

भिंगरीने पाटीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, मग फाटकाच्या अलीकडे उभ्या असलेल्या आजीकडे पाहिलं.

"म्हणजे तू?"

"हो," मावशी म्हणाल्या. "मीच. बरोबर वाचलंस."

भिंगरीने एक गिरकी घेतली आणि आत पळाली. मावशी थोडा वेळ थांबल्या. घंटा चार मिनिटं उशिरा झाली. ती संपेपर्यंत त्यांनी ऐकली आणि मग त्या घराकडे वळल्या.